डाव्या बाजूची मापं

ड्रॉइंग परत आलं तेव्हा नागेशला आधी रागच आला. वालचंदनगरच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता, आणि इतक्या वर्षांत मशीन शॉपवरून त्याचा कागद कधी परत आला नव्हता. फोरमनने तो टेबलावर पसरला आणि हसत विचारलं, "काय नागेशराव, डावीकडचं काय अंदाजानं कापू का?" नागेशने पाहिलं. गिअरबॉक्सच्या केसिंगचं ड्रॉइंग, त्याच्याच हातचं. मापं जागच्या जागी, बाणांची टोकं बारीक, अक्षर छापल्यासारखं. "काय राहिलंय यात?" त्याने विचारलं. फोरमन थट्टा समजून पुन्हा हसला, मग हसायचा थांबला. त्याने नागेशचा हात धरला आणि कागदावरून सरकवत सरकवत डावीकडे नेला. हात कुठे चाललाय हे बघायला नागेशने मान वळवली, आणि अर्धा कागद कुठून तरी आला. केसिंगचा डावा भाग होता, रेघाही होत्या, पण माप एकही नव्हतं. जिथे कागद संपला असं त्याला वाटत होतं तिथे कागद संपलेलाच नव्हता. "काम फार पडतंय तुमच्यावर," असं काहीसं पुटपुटत फोरमन गेला. नागेशने पेन्सिलीला टोक केलं, राहिलेली मापं टाकली, आणि आपला हात थरथरत नाही हे बघून त्याला जरा बरं वाटलं.

त्यानंतरचे काही आठवडे तो स्वतःची समजूत घालण्यात गुंतला, आणि या कामात माणूस फार हुशार असतो. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला की तो चौकटीला दोष द्यायचा. सायकलवरून कॉलनीच्या रस्त्याने जाताना डावीकडून अचानक माणूस उगवला की लोकांना चालायची अक्कल नाही असं ठरवायचा. जेवायला बसला आणि म्हणाला, "आज चटणी न्हाय व्हय केली?" तेव्हा सुकन्याने, त्याच्या बायकोने, ताटाकडे पाहिलं. चटणी होती, मीठ होतं, लिंबाची फोड होती, सगळं डाव्या अंगाला जिथे असतं तिथेच. तिने ती मस्करीच धरली. तिने ताट फिरवलं आणि म्हणाली, "ही काय, नाचत आली बघा." दोघंही हसले. पण सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकायचं, कधी मोरीत उभ्याउभ्या उलटी व्हायची, आणि कधीकधी डावीकडच्या रिकाम्या जागेत पाण्यावर ऊन पडावं तसे उजेडाचे कण थरथरायचे. ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याच दिवसांत गणपती दूध प्यायला म्हणून सगळी कॉलनी वाट्या घेऊन देवळाकडे धावली. सुकन्याही गेली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीतरी भलतंच होतं, आणि तिने तिथे काय मागितलं हे नागेशने विचारलं नाही. म्हणजे तिलाही चटणीची मस्करी वाटली नव्हती.

चष्मा बदलून घेऊ म्हणून तो बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने एक बोट त्याच्या नाकासमोरून हळूहळू डावीकडे नेलं आणि बोट दिसेनासं झालं की सांगा म्हणाला. नागेश लगेच म्हणाला, "गेलं." डॉक्टरने बोट तिथेच धरून ठेवलं. मग दुसरा डोळा. तेच. डॉक्टर तरुण होता, त्याचा चेहरा त्याला लपवता आला नाही. "डोळे उत्तम आहेत तुमचे," तो म्हणाला, "पुण्याला जाऊन डोक्याचा स्कॅन काढा." दवाखान्यातून बाहेर आल्यावर नागेश भिगवण रस्त्याला उभा राहिला. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढत चालले होते आणि त्याला प्रत्येक ट्रॉली अर्धीच दिसत होती. ओलांडायला म्हणून तो निघाला, आणि थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं की आपण रस्ता ओलांडलाच नाही. उजवीकडे वळत वळत, एक वळसा घेऊन, पुन्हा दवाखान्याच्या पायरीशीच आलोय. तिथे एक बाई लिंबं घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काय इसरलं का दादा?" आणि नागेशला मेंढरू आठवलं.

मेंढरू आठवायचं नाही असं त्याने फार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. त्याचा बाप सोनबा कळंबला बागायत करून स्थिर होण्याआधी मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून सगळं कुटुंब घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागायचं. कुठे कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, चार रात्री काढायच्या, पुढे सरकायचं. नागेश त्या बिऱ्हाडात जन्मला, चालायला शिकला, आणि चांगला थोराड होईपर्यंत त्याला छप्पर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्या कळपात कधीतरी एखादं मेंढरू मान वाकडी करून एकाच बाजूला फिरायला लागायचं. गोल. चारा समोर असला तरी गोल, पाणी समोर असलं तरी गोल. बाप ते मेंढरू मांडीत धरून त्याच्या कपाळावर अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "हितं पाण्याचा फुगा झालाय." मग ते मेंढरू कळपामागे पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते कुठे गेलं असं पोरांनी विचारायचं नसायचं. पुढे शाळेसाठी नागेशला कळंबला आत्याकडे, गोजरबाईकडे ठेवलं. शाळेतली पोरं त्याच्या शेजारी बसताना नाक धरायची. तो रोज विहिरीवर अंग घासायचा, घोंगडी त्याने गोजरबाईच्या माळ्यावर टाकली ती पुन्हा काढली नाही, आणि पुढे डिप्लोमा होऊन कंपनीत लागला तेव्हा कुणी "घरी काय करतात?" विचारलं की "शेती" म्हणायची सवय त्याला इतकी लागली की त्यात काही लपवतोय असंही वाटेनासं झालं. सुकन्या इंदापूरची, त्यांच्यातलीच, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न होऊन कॉलनीत आली तेव्हा त्याने तिलाही तेवढं एकच शिकवलं होतं. ती "बरं" म्हणाली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. राखाडी मेंदू, आणि उजव्या बाजूला मागे एक मोठा काळा गोल. नागेशने आयुष्यभर कंपासने वर्तुळं काढली होती. इतकं नेटकं वर्तुळ पाहून त्याला क्षणभर, वेड्यासारखं, कौतुकच वाटलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, मग वळून म्हणाले, "घरी जनावरं आहेत का? मेंढ्या, कुत्री? लहानपणी कधी?" सुकन्या शेजारी बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आणि नागेशच्या तोंडून, कुणी सुरीचं टोक लावावं इतक्या चटकन, उत्तर गेलं, "नाही. आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहतो." का? पुढे त्याने स्वतःला हे शंभरदा विचारलं. तो काळा गोल आणि रस्त्यावरचा वळसा यांच्यामध्ये ते मेंढरू उभं होतं. आणि 'हो' म्हटलं असतं तर डॉक्टरांनी अंगठ्याने त्याचं कपाळ दाबलं असतं, असंच काहीसं त्याला वाटलं असावं. सुकन्या खाली बघत राहिली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते दुसरीकडे वळले. मग त्यांनी तो शब्द वापरला, ट्यूमर. पाण्याने भरलेला ट्यूमर, भिंत कसली आहे ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, चांगला असू शकतो, वाईटही असू शकतो, फार दिवस थांबू नका. एसटीने परत येताना भिगवणच्या पुढे सुकन्याने त्याचा डावा हात हातात घेतला. तो हात तिच्याकडे आहे हे त्याला बघितल्याशिवाय कळलं नाही.

कवटी उघडायची या कल्पनेने घरात सगळ्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. अशा वेळी सुकन्याच्या भावाचा, शंभूराजचा, जर्मनीहून फोन आला. त्याला त्याच्या कंपनीने तिकडे मशीन शिकायला धाडलं होतं. बारामतीच्या स्टँडजवळच्या पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये त्याचा फोन ठरल्या वेळी यायचा आणि आत नागेश, दाराशी सुकन्या, अशी दोघं उभी राहायची. "दाजी," शंभूराजचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा यायचा, "हितं एक दवाखाना हाय. गाठीवर लस देत्यात. आपल्याच गाठीपासून बनवत्यात. दंडात टोचायची, बास. अंगालाच शिकवत्यात की ही गाठ परकी हाय, हिला खा." नागेशने विचारलं, "बरी होतात का माणसं?" तारेतून नुसती खरखर आली. मग शंभूराज म्हणाला, "ते म्हणत्यात जोडीला बाकीचे उपचार पण करायचे. पर लोक येत्यात दाजी, लांबून लांबून येत्यात." बरी होतात असं काही तो म्हणाला नव्हता. पण बूथमधून बाहेर येईपर्यंत नागेशने त्याच्या बोलण्यातला तेवढा भाग गाळून टाकला होता. लस! सुई! कवटी नाही, करवत नाही, दंडात एक सुई. त्या रात्री तो गाढ झोपला. जर्मन कारखान्यांची ड्रॉइंग त्याने हाताळली होती. त्या लोकांच्या रेघेवर त्याचा विश्वास होता. ज्यांच्या मापात केसाचा फरक पडत नाही त्यांची सुई चुकेल कशी?

लशीने घराला उभारी आणली, हे खरं. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, त्याने चहा घेतला आणि विचारलं, "परदेशी कशापायी?" सुकन्या म्हणाली, "लस टोचायला." हवालदार कप खाली ठेवून म्हणाला, "अवो बाई, लस तर आपल्या सरकारी दवाखान्यात पण देत्यात की!" तो गेल्यावर नागेश इतका हसला की डोकं ठणकायला लागलं. एकट्या सोनबाला ही लस पटत नव्हती. तो कळंबहून आला की ओट्यावर बसायचा, लाल फेटा गुडघ्यावर काढून ठेवायचा आणि त्याच त्याच शंकेभोवती घोटाळायचा. "लस मेंढराला मी लई टोचून घेतल्यात नागा. चांगल्या मेंढराला टोचायची असती. पावसाच्या आधी. आजारी पडल्याव टोचून काय करायची?" नागेश म्हणायचा, "आबा, ही निराळी लस हाय." सोनबा म्हणायचा, "असंल बाबा," पण त्याचं 'असंल' नागेशला दिवसभर टोचत राहायचं. खरं तर त्याला बापाचा राग येत नव्हता, बाप कॉलनीत मेंढरांविषयी मोठ्याने बोलतो याचा येत होता. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला का हे तो बघायचा. डोक्यात मरण घेऊन बसलेला माणूस शेजारच्या पडद्याकडे बघतो, याला काय म्हणावं!

पुढच्या फोनला शंभूराजने सांगितलं की दवाखान्याने तारीख दिली. स्कॅनची फिल्म आणि पुण्याच्या डॉक्टरांचं टिपण घेऊन यायचं. आल्यावर ते कवटीला लहानसं भोक पाडून आत सुई घालतील, गाठीचा तुकडा आणि आतलं पाणी ओढून घेतील, आणि त्यावरून लस बनवतील. "म्हणजे डोक्यात सुई," नागेश म्हणाला. "बारीक असती दाजी," शंभूराज म्हणाला. बारीक तर बारीक. नागेशने तेही मनात बसवून घेतलं. टिपण आणायला पुण्याला निघाला तेव्हा सोनबा म्हणाला मी येतो, आणि त्याला नको म्हणायला नागेशला कारण सापडलं नाही. तिघं गेली. दवाखान्यातल्या गुळगुळीत खुर्चीत सोनबा काठी दोन्ही हातांत धरून बसला, फेटा, खांद्यावर घोंगडी, पायांत जाड चामड्याच्या वहाणा. नागेशने त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसायचं ठरवलं होतं; पण सोनबा त्याच्या डाव्या अंगाला बसला, त्यामुळे तो आहे हे नागेशला दिसतच नव्हतं. नुसता वास येत होता. लोकरीचा, धुराचा. त्या वासाने त्याला एकदम आठवलं की थंडीच्या दिवसांत तो चांदीच्या पोटाशी झोपायचा. चांदी म्हणजे त्यांची कुत्री. कपाळावर पांढरा ठिपका होता. तिचं पोट इतकं ऊबदार असायचं की आईच्या कुशीतून उठून तो तिच्याकडे जायचा, एकाच थाळीत दोघं दूध-भाकरी खायची, ती त्याचं तोंड चाटून साफ करायची आणि आई लांबून म्हणायची, "चला, एक काम कमी झालं." किती वर्षांत आठवली नव्हती ती!

डॉक्टर रागावले नाहीत. तिकडे जाऊ नका असंही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की त्या लशीने कुणी बरं झाल्याचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही, पण निर्णय तुमचा. मग त्यांनी टंकलेखकाला बोलावून टिपण सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत, सावकाश. पेशंटचं वय, इंजिनीअरिंग ड्राफ्ट्समन, डोकेदुखी, उलट्या, डावीकडची दृष्टी गेलेली. आणि मग ते वाक्य आलं: नो कॉन्टॅक्ट विथ अ‍ॅनिमल्स. मशीनवर खडखड झाली आणि वाक्य कागदावर उमटलं. सोनबाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तो आपला समजूतदारपणे मान हलवत होता, डॉक्टर आपल्या पोराचं काहीतरी चांगलं लिहितायत म्हणून. आणि नागेशला ते सहन झालं नाही. लाज वाटली म्हणाल तर वाटलीच, बापाशेजारी बसून बाप खोडल्याची. पण त्याहून आधी त्याच्यातला ड्राफ्ट्समन बेचैन झाला. चुकीचं माप टेबलावर आहे तोवर खोडता येतं. एकदा कागद बाहेर गेला की त्या मापाने लोखंड कापलं जातं. "डॉक्टर," तो म्हणाला, "ते चुकलंय." टंकलेखक थांबला. "मी मेंढरांत वाढलोय. हे माझे वडील. आमची पाचशे मेंढरं होती. आणि कुत्री होती. मी तिच्याजवळ झोपायचो, तिच्या ताटात खायचो." एवढं बोलून त्याला धाप लागली. खोलीत कुणी नाक धरलं नाही.

डॉक्टर उठले, त्यांनी फिल्म पाकिटातून काढून पुन्हा उजेडावर लावली आणि पाठमोरे उभे राहिले. "मेंढरू कापलं की काळीज, फुप्फुस कुणाला घालायचात?" त्यांनी विचारलं. सोनबाला वाटलं हे आपल्यालाच विचारलंय, आणि ते खरंही होतं. "चांगलं असंल तर आमी खायचो. पाण्याचं फुगं आल्यालं असलं तर मानसं न्हाय खात. ते कुत्र्याला टाकायचं." "चांदीला," नागेश म्हणाला. डॉक्टर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि घामही. त्यांनी सांगितलं ते असं: मेंढराच्या त्या फुग्यांतून कुत्र्याच्या पोटात एक बारीक कृमी होते, कुत्र्याच्या जिभेवरून, अंगावरून तिची अंडी लहान मुलाच्या पोटात जातात, आणि कधी एखादं अंडं रक्ताबरोबर डोक्यापर्यंत पोचतं. तिथे पाण्याचा फुगा धरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. "म्हणून तो इतका गोल आहे. भोवतीचा मेंदू सुजलेला नाही, म्हणून मी तेव्हा विचारलं होतं. रक्त तपासून खात्री करू. पण मला वाटतं हा कॅन्सर नाही. ट्यूमरच नाही." सुकन्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. डॉक्टर पुढे बोलले तेव्हा मात्र हसत नव्हते. "याला सुई लावायची नाही. कुणालाही लावू द्यायची नाही. फुगा आत फुटला, त्यातलं पाणी सांडलं, तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. नाही गेला तर एकाचे पन्नास फुगे होतात. हा अख्खा बाहेर काढायचा असतो." तारीख ठरली होती. तिकीट काढायचं तेवढं बाकी होतं. नागेशने खुर्चीचा हात घट्ट धरला, कारण खोली एका बाजूला फिरायला लागली होती, आणि या वेळी तो आजार नव्हता. "मी तुम्हाला विचारलं होतं हो," डॉक्टर हळूच म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी एकदाच विचारलं."

रक्ताने होकार दिला. कवटी उघडायचीच होती, पण आता तिची भीती निराळी होती, विहिरीत उतरण्यासारखी; तळ आहे हे ठाऊक होतं. शंभूराजला फोन लावला तर तो आधी रागावलाच, "इतक्या लोकांशी बोललो की मी दाजी!" आणि मग सगळं कळल्यावर तिकडे इतका रडला की मीटर पळतोय म्हणून बूथवाल्यानेच सुकन्याला खूण केली. ऑपरेशन नागेशला आठवायचं कारण नव्हतं, पण ते कसं झालं हे त्याने नंतर डॉक्टरांकडून दोनदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना पेन्सिल मागून घेतली. फुग्याला हत्यार लावायचं नसतं. डोकं कलतं ठेवायचं, फुग्याच्या मागे मिठाचं पाणी हळूहळू सोडत राहायचं, आणि वाट बघायची. पाणी भरतं तसा फुगा आपणच वर येतो आणि ओंजळीत उतरतो, न फुटता. "बाळंतपणच म्हणा," डॉक्टर म्हणाले. सोनबाला तो काचेच्या भांड्यात दाखवला. पांढुरका, गोल, मोसंबीएवढा. सोनबाने भांड्याला हात लावला नाही. बराच वेळ बघून तो नागेशच्या खाटेशी आला आणि म्हणाला, "माझ्याच मेंढराचा न्हवं हा. मीच टाकलं आसंल त्या कुत्रीला." नागेशचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, जीभ जड होती. "आबा," तो म्हणाला, "थंडीत तिनंच जगवलं मला." सोनबाने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

डावीकडचं जग एकदम परत आलं नाही. आधी एक धूसर पट्टा आला, मग त्यात हालचाल, मग कधीतरी भिंतीवरचं कॅलेंडर. सगळं येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले होते, पुष्कळसं येईल. आणि गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतील. नागेशला ते मान्य होतं. तो पडल्यापडल्या वॉर्डातले आवाज ऐकायचा, भांड्यांचे, चाकांच्या खाटेचे, कुणाच्या तरी रेडिओचे, आणि त्याला सगळ्यांचाच लोभ वाटायचा. आपण म्हातारे होणार, दात पडणार, पोराबाळांची कटकट होणार, या विचाराने त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. त्या दुपारी टाके काढून झाले होते. सुकन्या स्टुलावर बसून गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होती. भरता भरता तिचे हात थांबले. तिने एक पाकीट पिशवीत आपटलं आणि म्हणाली, "लाज वाटली व्हय तुमाला?"

नागेशला आधी कळलंच नाही. "कसली?"

"कसली! त्या डाक्टरनी इचारलं मेंढरं हायत का, तवा काय सांगितलं तुमी? न्हाय. आमी कालनीत ऱ्हातो. कालनीत ऱ्हातो! आबा तिकडं रोज देवाला नवस बोलत होतं, आणि तुमी हितं त्यांला पुसून टाकलं. तिकडं गेला असता, त्यांनी सुई घातली असती, मग? मी काय केलं असतं? तुमची कालनी आली असती व्हय मला संबाळायला?" तिचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "आणि मी पण तसलीच. बसले गप्प. तुमी शिकवलं न्हवं, शेती म्हनायचं. नवरा मरतोय आणि बायको शेती म्हंतीय! आग लागो त्या शेतीला!"

खिडकीपाशी उभा असलेला सोनबा वळला. "पोरी, हळू. डोस्क्याचं टाकं आजच काढल्यात त्याचं."

"निघाल्यात न्हवं टाकं? मग ऐकू दे की!" सुकन्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. नर्स दारात आली, बघून परत गेली. नागेश उशीवर मान टेकून बायकोकडे बघत होता. ते ड्रॉइंग परत आल्यापासून ती त्याच्यावर एकदाही रागावली नव्हती. त्याने पेला फोडला तरी नाही, औषध थुंकलं तरी नाही. हळू बोलायची, गोड बोलायची, पांघरूण सारखं करायची. मरायला टेकलेल्या माणसावर कुणी रागवत नाही. तिच्या त्या गोड बोलण्याने आपण किती घाबरलो होतो हे त्याला आत्ता, या वॉर्डात, सगळ्यांदेखत शिव्या खाताना कळत होतं. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती दम घ्यायला थांबली.

"अजून बोल," तो म्हणाला.